मासा सुटला की दोष हाताचाच का?

“मासा फ्लायला तोंड लावूनही गळाला लागला नाही, तर चूक गरवणाऱ्याच्या हाताची; झटका लवकर आणि जोरात द्यावा, फ्लाय कशी बांधली आहे याने फरक पडत नाही,” हा सल्ला फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर पिसे-केस बांधून केलेल्या नकली आमिषाने (फ्लायने) मासे गरवणे, शिकणाऱ्याला हमखास मिळतो. तो अर्धवट आहे, आणि त्यामुळे नवशिके विनाकारण स्वतःला दोष देत राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

झटक्याच्या जोराबद्दल प्रथम. काठी वर उचलली की तिचे लवचिक टोक वाकते आणि हाताचा बराचसा जोर तिथेच खर्ची पडतो. म्हणूनच पाण्याखाली ओढायच्या मोठ्या फ्लायसाठी काठी माशाच्या दिशेने सरळ ठेवून दोरीच हाताने खेचतात. हाताला महत्त्व आहे, हे इथवर मान्य. पण गळ रुतायला किती जोर लागेल, हे तारेची जाडी, टोकाची धार आणि टोकाजवळचा उलटा काटा ठरवतात. काटा पक्कडीने दाबून सपाट केला, तर तोच गळ कमी जोरात आत जातो. मात्र त्यानंतर दोरी सैल पडू देता कामा नये. टोक नखावर तिरपे टेकवून पाहावे: ते न रुतता घसरले, तर बारीक कानशीने धार लावावी.

‘बांधणीने फरक पडत नाही’ हा भाग तर सरळ चुकीचा आहे. टोक आणि दांडी यांच्यामधली जागा हेच गळाचे तोंड. हरणाच्या केसांचा पॉपर (पाण्यावर तरंगणारी फ्लाय) बांधताना खालचे केस सपाट कातरले नाहीत, तर ही जागा भरून जाते आणि टोकाला माशाच्या तोंडात रुतायला वावच राहत नाही. शेपटी फार लांब असेल, तर मासा गळाच्या मागची पिसेच तोडून नेतो, आणि मऊ माराबू पिसाची शेपटी फेकताना गळाच्या बाकाला गुंडाळली जाते. शेपटी आखूड करणे किंवा तिच्याखाली ताठ बकटेलचा (हरणाच्या शेपटीच्या केसांचा) आधार देणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना नदीवर स्मॉलमाउथ बास जातीचे मासे गरवणाऱ्या बॉब क्लाउझर यांनी 1980च्या दशकात आपल्या फ्लायवर शिशाचे जड डोळे दांडीच्या वरच्या अंगाला बांधले. त्या वजनाने फ्लाय उलटी होऊन पोहते, टोक वर राहते आणि तळाच्या दगडांत कमी अडकते. हाताच्या कौशल्याचा इथे संबंधच येत नाही. हे सारे बांधणीतून साधलेले आहे.

म्हणून नवी फ्लाय आधी पाण्याच्या टबात हातभर दोरीने ओढून पाहावी: ती एका कुशीवर कलते का, शेपटी गुंडाळते का, भिजल्यावर गळाचे तोंड मोकळे राहते का. नदीवर एका वेळी एकच बदल करावा आणि किती चावे आले, त्यांतले किती मासे लागले, हे वहीत लिहावे; दोन-तीन चाव्यांवरून मात्र ना फ्लायबद्दल निष्कर्ष काढावा, ना हाताबद्दल.