व्हेच्या माथी फोडलेलं खापर

धावणाऱ्या, सायकल मारणाऱ्या, वजनं उचलणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक संदेश हातोहात फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जगातल्या सत्तर टक्के प्रौढांना दूध पचत नाही, त्यामुळे व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनाची पावडर) खेळाडूच्या अंगात सूज आणतं. रक्ताची ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ तपासणी केली की ते कळतं. वनस्पतिजन्य प्रोटीनची कुणालाच ॲलर्जी नसते, स्नायू मात्र तेवढेच वाढतात. पावडर बदला, तीन दिवसांत फरक बघा.

यातलं एक विधान बरंचसं खरं आहे. एका विधानावर विश्वास ठेवला तर जिवावर बेतू शकतं. सुरुवात मात्र सत्तर टक्क्यांपासून करू, कारण बाकीचा डोलारा त्याच आकड्यावर उभा आहे.

आकडा खोटा नाही. लहानपण सरलं की जगातल्या दोन तृतीयांशाहून थोड्या जास्त माणसांमध्ये लॅक्टेज हे विकर कमी होत जातं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मग लहान आतड्यात पुरती फुटत नाही. ती मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, आणि पोट फुगतं, गुडगुडतं, कधी जुलाब होतात. पण ‘विकर कमी असणं’ आणि ‘दुधाचा थेंबही न चालणं’ यांत बरंच अंतर आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं, की अशा बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज फारशा तक्रारीविना झेपतं. मोठा पेलाभर दूध म्हणजे साधारण तेवढंच.

आता स्कूपचा हिशेब करा. व्हे कॉन्सन्ट्रेट हा साधा, कमी गाळलेला प्रकार. त्याच्या ३० ग्रॅम पावडरीत, म्हणजे एका स्कूपमध्ये, लॅक्टोज भरतं दोनेक ग्रॅम. आयसोलेट हा जास्त गाळलेला प्रकार, त्यात ते एक टक्क्याच्याही खाली, म्हणजे स्कूपमागे पाव ग्रॅमच्या आसपास. एवढ्याने पोट बिघडणारी माणसं असतात, नाही असं नाही. पण ती सत्तर टक्के नक्कीच नव्हेत. वजन वाढवायचे ‘मास गेनर’ हे वेगळं प्रकरण. त्यांत दूध पावडर घातलेली असेल तर लॅक्टोज चढतं, कारण साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत निम्मं लॅक्टोजच असतं. आणि हे स्कूपवर स्कूप घ्यायला सांगतात. त्यावरून पोटाने तक्रार केली तर पोटाचं काय चुकलं?

शिवाय लॅक्टोजचा त्रास म्हणजे सूज नव्हे. तो वायूचा आणि पाण्याचा मामला आहे. दुग्धजन्य पदार्थ आणि शरीरातला दाह (संदेशातली ‘सूज’ ती हीच) यांवरच्या मानवी चाचण्यांचे आढावे उलटच सांगतात: दुधाची ॲलर्जी असलेले वगळले तर परिणाम एकतर शून्य, नाहीतर किंचित दाह कमी करणारा. (व्हेवर आरोप करायचाच असेल तर मुरमांचा करा. तोही पुरावा कच्चाच आहे, पण निदान अगदी हवेतला नाही.)

दुधाची खरी ॲलर्जी ही पूर्ण वेगळी गोष्ट. तिचा साखरेशी संबंध नाही. दुधातल्या प्रथिनांवर, केसीनवर किंवा व्हेमधल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनसारख्या प्रथिनावर, आपली प्रतिकारशक्ती तुटून पडते. अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास अडकतो. अशा माणसाला ‘आयसोलेट घे, त्यात लॅक्टोज नसतं’ असा सल्ला देणं म्हणजे आगीत तेल. आयसोलेटमधून साखर काढलेली असते. ज्याचा धोका, ते प्रथिन उलट दाट केलेलं असतं. हायड्रोलायझेट म्हणजे प्रथिन तोडलेलं, म्हणून तेही निर्धोक धरू नये. किती तोडलंय यावर सगळं अवलंबून असतं.

आता रक्ततपासणी. हिच्यात रक्तातली आयजीजी प्रकारची प्रतिद्रव्यं मोजतात आणि अहवालात लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत पदार्थांची यादी येते. आयजीजी सांगतं ते एवढंच, की हा पदार्थ तुमच्या शरीराने पाहिलेला आहे. रोज व्हे पिणाऱ्याच्या रक्तात दुधाविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली यात नवल ते काय! गंमत म्हणजे पदार्थ थोडाथोडा खायला घालून ॲलर्जी उतरवण्याचा जो उपचार आहे, त्यात उपचार लागू पडू लागला की आयजीजी४ हा आयजीजीचाच एक उपप्रकार वाढतो. म्हणजे जे सहनशीलतेबरोबर वाढतं, तेच इथे असहनशीलतेचा पुरावा म्हणून विकलं जातं. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्ये आणि कॅनडातल्या तज्ज्ञ संस्थेने २०१२ मध्ये या तपासणीविरुद्ध स्पष्ट मत दिलंय.

मला यात पैशापेक्षा दुसरीच भीती वाटते. खेळाडू तो अहवाल घेऊन बसतो आणि दूध, गहू, अंडी, बदाम सगळं एका झटक्यात बंद करतो. सराव तेवढाच, खाणं निम्मं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये ज्या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं, म्हणजे खर्चाच्या मानाने ऊर्जा कमी पडून पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती सगळंच ढासळणं, तिच्याकडे जाणारी ही सोपी वाट आहे.

मग ‘वनस्पतिजन्य प्रोटीनची कुणालाच ॲलर्जी नसते’. संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. सोया ही जगभर मान्य असलेल्या प्रमुख ॲलर्जीकारकांपैकी एक आहे. वाटाणा, शेंगदाणा आणि ल्युपिन हे युरोपात खाल्लं जाणारं कडधान्य, ही एकाच शेंगवर्गातली भावंडं. त्यांची काही प्रथिनं एकमेकांसारखी दिसतात, म्हणून शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काहींना वाटाण्याचंही वावडं असतं. सगळ्यांना नव्हे, पण ज्यांना असतं त्यांच्यासाठी पावडर हे एकवटलेलं प्रथिन आहे. मूठभर वाटाण्यांतून जेवढं जातं त्याच्या कितीतरी पट एका पेल्यातून जातं. त्यात आणखी एक खोच: युरोपात ज्या १४ ॲलर्जीकारकांचा लेबलवर ठळक उल्लेख सक्तीचा आहे, त्यांत सोया आहे, ल्युपिन आहे, शेंगदाणा आहे, वाटाणा नाही. म्हणजे लेबलवर ठळक अक्षरं शोधणाऱ्याला तो दिसणारच नाही.

खेळाडूंना जवळचा असा एक विचित्र प्रकार गव्हाचाही आहे. गहू खाल्ला, काही झालं नाही. धावलं, काही झालं नाही. गहू खाऊन काही तासांत धावलं, आणि अंगभर पित्त उठून माणूस कोसळला. गव्हातल्या ओमेगा-५ ग्लायडिन या प्रथिनाशी याचा संबंध असतो, आणि ॲस्पिरिनसारखी वेदनाशामकं किंवा मद्य सोबत असेल तर झटका आणखी सहज येतो. काही वनस्पतिजन्य मिश्रणांत गव्हाचं प्रथिनही असतं. व्यायामाच्या तोंडावर घ्यायच्या पेल्यात ते आहे का, हे ज्याला असा अनुभव आलाय त्याने वाचायलाच हवं.

स्नायूंबद्दलचा दावा मात्र मी बहुतांशी मान्य करतो. व्हेमध्ये ल्युसीन, म्हणजे स्नायूबांधणीला चालना देणारं अमिनो आम्ल, जास्त, २५ ग्रॅम प्रथिनामागे अडीच ग्रॅमच्या पुढे. वाटाणा, सोया त्याहून मागे. पण पेला थोडा मोठा केला की ही तूट भरून निघते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६१ तरुणांनी १२ आठवडे वजनं उचलली, आणि वाटाण्याच्या गटात दंडाचा स्नायू व्हेच्या गटापेक्षा कमी वाढला नाही. ब्राझीलमधल्या २०२१ च्या अभ्यासातही, दिवसाचं प्रथिन शरीराच्या दर किलोला १.६ ग्रॅम भरल्यावर, दूधही न घेणारे शाकाहारी (व्हीगन) आणि मिश्राहारी तरुण सारखेच वाढले. तेव्हा ज्यांना दूध नकोच आहे त्यांनी खुशाल वाटाणा घ्यावा.

राहिले तीन दिवस. फरक पडतो, हे खोटं नाही, पण कशाने? डबा बदलला तेव्हा प्रथिनासोबत गोडवा आणणारं सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल बदललं, घट्टपणासाठीचा डिंक बदलला, घुसडलेलं इन्युलिन (एक प्रकारचा तंतू) बदललं. हे सगळे पोट फुगवणारे गडी आहेत. दुधात कालवायचं सोडून पाण्यात कालवायला लागलात, तर खरा लॅक्टोजही तिथेच गेला. वेळही बदलली असेल. जोराच्या व्यायामात रक्त स्नायूंकडे वळतं आणि आतड्यांचा रक्तपुरवठा ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. त्या क्षणी कुठलीही दाट पावडर पोटात गोळा होऊन बसते. वर आधी आयब्युप्रोफेनची गोळी घेतली असेल तर आतड्याच्या अस्तराला आणखी मार.

खरंच शोधायचं असेल तर बिनचवीचं, बिनगोडव्याचं आयसोलेट आणा. लेबलवर व्हेखेरीज काही नको, फार तर पावडर नीट मिसळावी म्हणून घातलेलं लेसिथिन. विश्रांतीच्या दिवशी पाण्यात कालवून अर्धा स्कूप घ्या, बाकी जेवण नेहमीचंच ठेवा, आणि असे तीनचार वेगवेगळे दिवस करून बघा. (कधी पित्त उठलं असेल, ओठ सुजले असतील, धाप लागली असेल, तर हा प्रयोग घरी नाही, थेट ॲलर्जीतज्ज्ञाकडे.) एवढं करूनही दर वेळी पोट बिघडलं, तर व्हेला खुशाल दोष द्या.