कुलर, काकाजी आणि 30 मिलिअँपिअर

काल आमच्या गल्लीनं मला डरपोक ठरवलं. कुलर लावला की आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच, पडायचा, आणि तो काढून फेकायला मी तयार नव्हतो, एवढाच माझा गुन्हा.

वायरमन आला, पाच मिनिटांत "झालं जी" म्हणाला. खरंच, आरसीसीबी पडेना! सॉकेट उघडलं तर अर्थिंगच्या पिनेतून न्यूट्रलला बोटभर तार जोडलेली. आरसीसीबी मोजतो एकच गोष्ट: फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं परत आला का. 30 मिलिअँपिअर कमी आला तरी पडतो. आता लीकेज न्यूट्रलमधूनच परत जाणार, मग त्याला कळणार काय? आणि मागचा न्यूट्रल ढिला होऊन सुटला, की कुलरच्या पत्र्यावर 230 व्होल्ट. मग आरसीसीबी पाडायला कुणाचा तरी ओला हात लागणार.

शेजारचे काकाजी कंपाउंडवर कोपरं टेकून सगळं बघत होते. "काहून फुकटचं टेन्शन घेऊन राहिले? आमच्या कुलरले अर्थिंगच नाही. थोडं झिणझिण लागते, पण उलटा हात लावाचा अन् पायात रबरी चप्पल."

"आणि पाहुणे आले तर?"

"कुलरपाशी एक जोड ठेवलाच आहे नं! जावयासाठी नवा आणला."

यावर काय बोलणार? नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते तापलेले नऊ दिवस, तोंडावर आलाय. लोखंडी बॉडी, खाली पाणी, फरशी ओली, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरच्या शॉकनं माणसं जातात. तरी एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की पडणारा स्विच, आहे म्हणून लोक निवांत. अहो, 16 अँपिअरची एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही.

दोष निघाला पंपात. वायरचा जोड काळी टेप गुंडाळून थेट पाण्यात सोडलेला. पंप बदलला, तार काढली, अर्थ बारपासून सॉकेटपर्यंत हिरवी वायर ओढून घेतली. आरसीसीबीचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबावंच. पण त्यानं आरसीसीबी तपासला जातो, अर्थिंग नाही. अर्थिंग नसलेल्या घरातही ते बटण झक्कास चालतं.

अर्थिंगचं मोजमाप म्हणाल तर ओहम जितके कमी तितकं अर्थिंग चांगलं. मीटरचा लोड वाढवून घेताना लायसनवाल्या इलेक्ट्रिशियननं टेस्ट रिपोर्टवर 'एक ओहम' लिहिलं होतं, गेटपाशी, हेल्मेटही न काढता. अर्थिंगचा खड्डा अंगणातल्या गट्टूखाली गाडला गेलाय, मीठ-कोळशाला दोन वर्षांत पाण्याचा थेंब नाही, मे महिन्यातली माती खडखडीत, आणि म्हणे एक ओहम! सहीचे पैसे मात्र रोख.

काढलेली तार मी कचऱ्यात टाकायला निघालो, तर काकाजी ओरडले, "फेकू नका बाप्पा! आमच्या गिझरले लागते."