निधीभोजनाचा हिशेब आणि मोबदला

घराण्यातून चालत आलेले पदार्थ रांधून पाहुण्यांना जेवू घालायचे आणि जमलेली रक्कम निर्वासितांसाठी द्यायची, ही निधीभोजनाची कल्पना स्तुत्य आहे. यजमानांचे आजी-आजोबाच कधीकाळी परागंदा झाले असतील, तर त्या जेवणाला वेगळाच अर्थ येतो. मात्र किराणा, भांडी आणि जागेचे भाडे वजा जाता हाती काय उरले, हे पाहुण्यांना लेखी कळवावे. स्वयंपाकाला निर्वासितांनाच बोलावणार असाल, तर नुसत्या कौतुकावर बोळवण नको, मोबदला द्यावा. अर्थात, १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात रोजगाराच्या हक्काची तरतूद असली, तरी आश्रयाचा अर्ज प्रलंबित असताना अनेक देश कामावर निर्बंध घालतात. तेव्हा स्थानिक नियम आधी तपासलेला बरा, नाहीतर मदत करायला जाऊन त्यांचाच अर्ज अडचणीत यायचा.