तापमानाचा वाद आणि खर्चाचा वाद एक नव्हे

हवामानबदलावरील जाहीर चर्चेत एक गोष्ट मला सतत खटकते. भाषा विज्ञानाची असते, पण भांडण बहुतेक वेळा विज्ञानाचे नसतेच. कोळशाचा आणि तेलाचा वापर कोणी, किती आणि कुणाच्या खर्चाने कमी करायचा, हा खरा मुद्दा असतो. तो उघडपणे मांडण्याऐवजी एक बाजू तापमानाच्या नोंदींवरच संशय घेते आणि दुसरी बाजू ‘विज्ञानाने सांगितले आहे’ एवढ्यावर धोरणाची चर्चा संपवू पाहते.

शास्त्रज्ञांमध्ये खरा मतभेद होतो तेव्हा तो कसा मिटतो, हे एका प्रकरणातून फार स्पष्ट दिसते. हवेतील ऑक्सिजनमधून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी उपग्रहावरून मोजून वातावरणाच्या तापमानाची जागतिक नोंद ठेवण्याचे काम रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केले. जमिनीवरील केंद्रे तापमानवाढ दाखवत असताना त्यांच्या आकड्यांत पुढची काही वर्षे ती जवळजवळ दिसतच नव्हती. हा आक्षेप वजनदार होता, आणि तापमानवाढ मान्य नसलेल्या राजकारण्यांनी त्याचा पुरेपूर वापर केला. मात्र 1998 मध्ये फ्रँक वेंट्झ आणि मथियास शाबेल या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, विरळ हवेच्या घर्षणामुळे उपग्रह हळूहळू खाली येतात आणि त्यामुळे आकड्यांत खोटी थंडी शिरते. उपग्रहांच्या निरीक्षणाची स्थानिक वेळ वर्षागणिक सरकते. त्यासाठी केलेल्या दुरुस्तीतही चूक होती, हे 2005 मध्ये समोर आले. स्पेन्सर आणि क्रिस्टी यांनी ती चूक मान्य करून आपली नोंद सुधारली. त्यांची नोंद आज दर दशकाला सुमारे 0.15 अंश सेल्सियस वाढ दाखवते, आणि हे दोघे अजूनही प्रचलित हवामान-प्रारूपांचे, म्हणजे हवामानाचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय गणितांचे, कठोर टीकाकार आहेत. टीकाकार राहूनही पुराव्यापुढे आकडा बदलणे, ही वृत्ती मला मोलाची वाटते.

त्याच उपग्रहांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. वातावरणाचा खालचा थर तापत असताना वरचा, स्थितांबराचा थर थंड होत गेला. सूर्याची तीव्रता वाढल्यामुळे पृथ्वी तापत असती, तर दोन्ही थर तापायला हवे होते. खाली उष्णता आणि वर थंडी, ही कार्बन डायऑक्साइडची खूण आहे, आणि स्युकुरो मनाबे व रिचर्ड वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांच्या 1967 च्या गणितात ती मोजमापाआधीच दिसली होती. हवाई बेटावरील मौना लोआ येथे 1958 मध्ये नोंदी सुरू झाल्या तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांमागे या वायूचे सुमारे 315 भाग होते. आता ते 420 च्या वर गेले आहेत.

राजकीय आक्षेपाचे मला वावडे नाही. तो राजकीय म्हणून मांडला जावा, एवढीच अपेक्षा आहे. अमेरिकी सिनेटने जुलै 1997 मध्ये 95 विरुद्ध 0 मतांनी ठराव केला की, विकसनशील देशांवर उत्सर्जनाची बंधने नसलेल्या किंवा अमेरिकी अर्थव्यवस्थेला गंभीर हानी पोहोचवणाऱ्या हवामानविषयक करारावर देशाने सही करू नये. मला तो ठराव अन्याय्य वाटतो, कारण हवेत साठलेल्या वायूचा मोठा वाटा श्रीमंत देशांचा आहे. पण त्यात काय हवे आणि काय नको ते सरळ सांगितले होते. त्यानंतर काही वर्षांनी फ्रँक लंट्झ या राजकीय सल्लागाराने रिपब्लिकन पक्षाला वैज्ञानिक निश्चितीचा अभाव हाच मुख्य मुद्दा करत राहण्याचा सल्ला दिला. हा मार्ग मला अप्रामाणिक वाटतो, कारण त्यात शंका विचारली जाते ती उत्तरासाठी नव्हे, तर निर्णय लांबवण्यासाठी.

दुसऱ्या बाजूची चूक या तोडीची नाही, पण ती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसी या हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या मंडळाने 2018 च्या अहवालात म्हटले होते की, औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत तापमानवाढ दीड अंशाच्या आसपास रोखायची तर 2030 पर्यंत कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन 2010 च्या तुलनेत सुमारे 45 टक्क्यांनी घटावे लागेल. व्यासपीठांवर त्याचे ‘जगाकडे फक्त 12 वर्षे उरली आहेत’ असे रूपांतर झाले. अहवालात अशी कोणतीही प्रलयाची तारीख नव्हती. अशी विधाने मुदत सरल्यावर विज्ञानाच्याच माथी मारली जातात.

खरी अनिश्चितता लपवण्याचेही कारण नाही. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल, याचा अंदाज 1979 मध्ये दीड ते साडेचार अंश होता. 2021 च्या आयपीसी अहवालात तो अडीच ते चार अंशांवर आला. ढगांच्या वर्तनाचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. अडीच आणि चार यांतला फरक प्रचंड आहे, पण त्यात शून्य येत नाही.

ज्या वादासाठी सभागृहे भरली पाहिजेत तो वाद निकोलस स्टर्न आणि विल्यम नॉर्डहाउस या अर्थतज्ज्ञांमधला आहे. तापमानवाढ दोघांनाही मान्य आहे. शंभर वर्षांनंतरच्या नुकसानीला आज किती किंमत द्यायची, यावर त्यांचे तीव्र मतभेद आहेत. स्टर्न त्या नुकसानीला जवळजवळ आजच्याइतकेच महत्त्व देतात आणि म्हणून मोठा खर्च ताबडतोब करायला सांगतात. नॉर्डहाउस भविष्यातील नुकसानीची आजची किंमत दरवर्षी अधिक दराने घटवून धरतात आणि कार्बन उत्सर्जनावर हळूहळू वाढत जाणारा कर सुचवतात. अजून न जन्मलेल्या माणसांचा हक्क किती, हे कोणताही उपग्रह मोजून देणार नाही. मी स्टर्न यांच्या बाजूचा आहे. ज्यांना नॉर्डहाउस पटतात त्यांच्याशी मला वाद घालायचा आहे, आणि तो तापमानाच्या नोंदी मान्य करूनच घालता येईल.