व्यसनमुक्ती केंद्रात नक्की असतं कोण?

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय. सार असं: व्यसनमुक्ती केंद्रं म्हणजे श्रीमंतांच्या ड्रग्ज घेणाऱ्या पोरांची सोय, इच्छाशक्ती असेल तर माणूस घरीच एका दिवसात सोडतो, आणि केंद्रातून आलेले पुन्हा पितातच, मग पैसे का घालवा?

आधी पोरांचं. २०२४मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभला एमडी (मेफेड्रोन) या ड्रगचा साठा सापडल्यापासून नशा म्हटलं की लोकांना पबच आठवतो. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं तेव्हा गर्दची, म्हणजे ब्राऊन शुगर या हेरॉईनची, साथ होती, हे खरं. पण आज आपल्याकडच्या केंद्रांत बहुतेक खाटा दारूच्या पेशंटच्या. रिक्षावाले, शिक्षक, शेतकरी. बायकोने नाहीतर भावाने धरून आणलेले. केंद्र सरकारच्या २०१९च्या सर्वेक्षणात दारूसाठी मदतीची गरज असलेले ५.७ कोटी निघाले, अफू-हेरॉईनच्या वर्गातले ७७ लाख.

इच्छाशक्तीचा मुद्दा मात्र नुसता चुकीचा नाही, जिवावर बेतणारा आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की काही तासांत हात असे थरथरतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. पुढे फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भिंतीवर किडे दिसतात, घरातली माणसं ओळखू येत नाहीत. यात माणूस दगावतो. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या, थायमिन (व्हिटॅमिन बी-१). गर्दची ‘टर्की’, म्हणजे नशा बंद झाल्यावर होणारा त्रास, सहसा जीव घेत नाही, पण भोगणाऱ्याला ते सांगून बघा. कुठे न्यायचं कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे.

पुन्हा पिण्याचं म्हणाल, तर घसरणारे शंभरात ४० ते ६० असतात. रक्तदाब आणि दम्याचे पेशंटही साधारण इतकेच औषध-पथ्य सोडून पुन्हा आजारी पडतात. त्यांना कोणी ‘पैसे पाण्यात’ म्हणत नाही. गर्दवाल्याचं घसरणं जास्त धोक्याचं: मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, जुनाच डोस मारून टाकतो. म्हणून डिस्चार्जनंतरचा फॉलो-अप सोडायचा नाही.

आणि उपचारापर्यंत पोचतात तरी किती? त्याच सरकारी सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. बायका तर आणखी मागे. पिणाऱ्या बायका १.६ टक्केच, पण त्यातल्या कित्येक सासरी कळेल या धास्तीने डॉक्टरला ॲसिडिटी सांगतात आणि ॲसिडिटीच्याच गोळ्या घेऊन घरी जातात.