खुलासा : टाकीत वाढवलेली अळंबी म्हणजे 'नुसतं पीठ' नव्हे

'टाकीत वाढवलेल्या अळंबीच्या मायसेलियमच्या पावडरीत धान्याचा स्टार्चच असतो, पॉलिसॅकराइड नसतात,' असा मजकूर सध्या फिरतो आहे. (मायसेलियम म्हणजे बुरशीच्या तंतूंचं जाळं; पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या.) त्यात दोन वेगळ्या पद्धतींची गल्लत झाली आहे.

धान्यावर वाढवलेलं मायसेलियम धान्यापासून सोडवता येत नाही. ते दोन्ही एकत्रच दळलं जातं, म्हणून त्या पावडरीत स्टार्च उतरतो. तिथे तक्रार रास्त आहे.

द्रव किण्वनात, म्हणजे टाकीत वाढवण्याच्या पद्धतीत, धान्याचा दाणाच नसतो. निर्जंतुक केलेल्या ग्लुकोज आणि यीस्ट अर्काच्या द्रावणात, साधारण 25 ते 28 अंश सेल्सिअसला, हवा खेळती ठेवून मायसेलियम वाढवतात. त्याच्या गोळ्या गाळून वेगळ्या निघतात. काही पॉलिसॅकराइड पेशीभित्तीत असतात, तर काही पॉलिसॅकराइड बुरशी द्रवातच सोडते. अल्कोहोल घातलं की द्रवातली ही पॉलिसॅकराइड साक्याच्या रूपात खाली बसतात. जपानमध्ये 1977 साली मान्यता मिळालेलं क्रेस्टिन हे औषध ट्रॅमेटिस व्हर्सिकलर या बुरशीच्या मायसेलियमपासूनच काढलेलं होतं. (ते कर्करोगावरच्या मुख्य उपचारांना जोड म्हणून दिलं जात असे, त्यावरून कुठलीही पावडर औषध ठरत नाही.)

मात्र लेबलवरचा 'एकूण पॉलिसॅकराइड' हा आकडा फसवा ठरू शकतो, हे मी आग्रहाने सांगेन. स्टार्चही पॉलिसॅकराइडच आहे. द्रावणात माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्च तोडून बनवलेला पदार्थ) वापरलं असेल आणि ते उरलं, तर अल्कोहोलने तेही खाली बसतं आणि एकूण कर्बोदकं मोजणाऱ्या फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाच्या चाचणीत मोजलं जातं. म्हणून बीटा-ग्लुकान (बुरशीच्या पेशीभित्तीतलं) आणि अल्फा-ग्लुकान (स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन यांसारखं) यांचे आकडे वेगवेगळे मागा.