अध्यक्ष व्हायचंय ना? मग सतरंजीला हात लावू नका

सर्वप्रथम अभिनंदन. गणपती तोंडावर आलेत, मंडळाची निवडणूक त्याच्याही आधी आहे, आणि तुम्ही अध्यक्षपदाला उभं राहताय हे रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंत सगळ्यांना कळलंय. कसं कळलं म्हणता? हल्ली तुम्ही पोह्यांच्या ठेल्यावर दुसऱ्यांचे पैसे देऊ लागलात. इंदुरात माणूस दुसऱ्याच्या पोहे-जलेबीचे पैसे दोनदाच देतो, मुलीचं लग्न ठरल्यावर किंवा निवडणुकीला उभं राहिल्यावर. तुमची मुलगी अजून आठवीत आहे.

तेव्हा चार पावसाळे जास्त पाहिलेल्याचं ऐका. काम शिकू नका. आपल्याला एखादं काम नीट येतं हे लोकांना एकदा कळलं की संपलंच. आमच्या मंडळातले सतरंजीवाले काका बघा. (त्यांचं आडनाव निम्म्या कार्यकारिणीला ठाऊक नाही. मलाही हे लिहायच्या आधी बायकोला विचारावं लागलं.) हे गृहस्थ सतरंजी घालतात ती काठाशी काठ जुळवून, वर हाताने सुरकुती काढून. कारण काय, तर कधीतरी एक आजी अडखळल्या होत्या. बिनसाखरेच्या चहाच्या किटलीला लाल दोरा बांधतात, म्हणजे मधुमेहवाल्यांना चारचौघांत विचारावं लागत नाही. गुडघे धरलेल्या मावशींची खुर्ची पंख्याच्या जवळ ठेवतात, पण थेट झोतात नाही, त्यांना लगेच सर्दी होते. गाणाऱ्या बाईंसाठी कोमट पाण्याचा तांब्या. टेंटवाल्याकडून दीडशे खुर्च्या आल्या की येताना मोजणार, जाताना मोजणार.

एवढं करून मिळालं काय? इतक्या वर्षांत एकदाही व्यासपीठावर नाहीत. कार्यक्रमभर नुसत्या हाका. काका, माइक! काका, दिवे गेले! काका, पाहुण्यांचे जोडे सापडत नाहीत! अध्यक्षांना बघा, तीन तास समोर बसतात आणि एक माणूस त्यांना हाक मारत नाही. याला म्हणतात पदाची प्रतिष्ठा.

अर्थात दोष एकट्या काकांचा नाही, या गावाला ही खोड जुनीच आहे. अहिल्याबाईंचंच घ्या. 1767 पासून 1795 पर्यंत राज्य हातात, आणि हुकूमनाम्यावर काय, तर ‘श्री शंकर आज्ञेवरून’. स्वतःच्या नावाचं साधं लेटरहेड नाही! बांधकामं केली तीही कुठे? काशी विश्वनाथाचं देऊळ, गयेचं विष्णुपद, सोमनाथ. या मुलखांत होळकरांचा एक मतदार नव्हता. कोनशिलेवर नाव वाचायला ओळखीचं कोणी येणार नाही अशा ठिकाणी घाट बांधणं, याला नियोजन म्हणत नाहीत. कोणा शास्त्रीबुवांनी त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तर बाईंनी तो नर्मदेत सोडायला लावला असं सांगतात. तुम्ही हा आदर्श मुळीच ठेवू नका. मंडळाची स्मरणिका अठ्ठेचाळीस पानांची असते. तिच्यात तुमचे किमान अकरा फोटो यायला हवेत, पैकी एक विचारमग्न. गणपतीचा एक पुरे, तो सगळ्यांना ओळखू येतो.

आता तुम्ही म्हणाल, बाईंचं नाव विमानतळाला आहे, विद्यापीठाला आहे. आहे ना. पण विद्यापीठाला ते लागायला जवळजवळ दोनशे वर्षं गेली. तुमचा कार्यकाळ तीन वर्षांचा.

बरं, जुन्या काळचं सोडा. राहुल द्रविडचा जन्म 1973 सालचा, याच इंदूरचा. पुढे वाढला बंगळुरात, पण खोड गेली नाही. संघाला जास्तीचा फलंदाज खेळवायचा होता, तर या भल्या माणसाने 2003 चा अख्खा विश्वचषक यष्ट्यांमागे उठाबशा काढत घालवला. पुढे कप्तानी मिळाली, ती 2007 मध्ये इंग्लंडात कसोटी मालिका जिंकल्यावर सोडून दिली. हरल्यावर सोडली असती तर समजलं असतं! आणि 2018 मध्ये एकोणीस वर्षांखालच्या पोरांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक म्हणून याला 50 लाख आणि हाताखालच्या मंडळींना 20 लाख जाहीर झाले. हा म्हणे, सगळ्यांना सारखे द्या. शेवटी सगळ्यांना 25 झाले, यालाही 25. हा हिशेब आमच्या कोषाध्यक्षांना सांगितला तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. (पाणी काकांनीच आणलं.)

तुम्ही झाडू मात्र हातात घ्यायला हरकत नाही. आपलं शहर 2017 पासून स्वच्छतेत नंबर वन म्हणवतं, तेव्हा झाडूसह एक फोटो हवाच. फक्त जागा आधी झाडलेली असावी. रंगपंचमीला राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, लाखो माणसं, गुलालात रस्ता दिसत नाही, आणि आपण घरी जाऊन कान धुऊन होईपर्यंत तो रस्ता स्वच्छ झालेला असतो. कोणी केला? एक नाव सांगा. नाही ना येत? आता नंबर वनचं बक्षीस घेतानाचे फोटो आठवा. त्यातले चेहरे बरोबर आठवतात. तुम्ही कुठे उभं राहायचं, हे मी वेगळं सांगायला नको.

‘सेवा’ हा शब्द मात्र सतत तोंडात असू द्या. प्रचाराला निघाल की प्रत्येक घरी म्हणा, ‘मला पदाचा मोह नाही हो, सेवेची संधी हवी.’ म्हणताना नजर खाली, उजवा हात छातीवर. एखादा वात्रट तरुण विचारेल, ‘काका, सतरंज्या उचलायच्यात, त्याला फॉर्म भरावा लागतो का?’ असल्यांशी वाद घालू नये. त्याला युवा समितीचा संयोजक करून टाकावं. पुढच्या बैठकीपासून तोही सतरंजीला हात लावत नाही, स्वानुभव आहे.

एवढं पाळलंत तर निवडून येणारच. पदग्रहणाच्या दिवशी भाषण पस्तीस मिनिटं करा. लोक जेवायला थांबलेले असतात, कुठे जात नाहीत. शाल घ्या, श्रीफळ घ्या. नारळ जपून, तो तीन सत्कारांपासून फिरतोय आणि पुढच्या महिन्यात पुन्हा लागणार आहे. मग सगळे फोटो काढतील, श्रीखंड-पुरी खातील, कार्यकारिणी सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात कुल्फी खायला जाईल. तुम्ही इतक्यात उठू नका. जरा वेळ बसा त्या खुर्चीत, पाठ टेकवून, हात दोन्ही बाजूंना पसरून. मुलाला फोटो पाठवा. हॉलमधले निम्मे दिवे गेलेले असतील, सतरंज्यांच्या गुंडाळ्या भिंतीशी लागलेल्या असतील. काका दाराशी उभे असतील, हातात किल्ल्या, काही बोलणार नाहीत. त्यांचा स्वभावच नाही तो.

बोलेल तो बाहेरचा टेम्पोवाला. फडक्याने हात पुसत आत येईल, एकदा काकांकडे बघेल, एकदा तुमच्याकडे, आणि म्हणेल, ‘भिया, एक सौ उनचास हो गई. एक कुर्सी कम पड़ रही है.’